डावीकडची बाई

माझी ताई काय काम करते, हे लोकांना सांगता सांगता माझी अर्धी हयात गेली. ऑक्युपेशनल थेरपी म्हटलं की समोरचा हमखास विचारायचा, "म्हणजे मालिश का?" कुणी म्हणायचं, "लोकांना नोकऱ्या लावून देतात वाटतं." आमचे सख्खे मामा तर शेवटपर्यंत तिला नर्स समजून आपलं ब्लडप्रेशर सांगत राहिले. ताई कधी चिडली नाही. घरातलं चिडायचं खातं माझ्याकडे होतं. मी शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे आवाज आधीच मोठा, आणि चूक दिसली की मला राहवत नाही.

तर तिचं काम असं. मेंदूचा झटका येऊन किंवा अपघातात माणूस लुळं पडलं की डॉक्टर त्याचा जीव वाचवतात, फिजिओथेरपीवाले त्याला चालतं करतात. पण चालता येणाऱ्या माणसालाही सदऱ्याची बटणं लावायची असतात, तोंड धुवायचं असतं, चहा करायचा असतो. ते सगळं नव्यानं शिकवायचं काम ताईचं. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर तिच्या विभागात एक सरावाचं स्वयंपाकघर होतं. ओटा, दोन शेगड्या, सिंक, कपबशा, साखरेचा डबा, सगळं खरं. तिथं मोठमोठी माणसं चहा गाळताना घाम गाळायची.

त्या स्वयंपाकघरात ताईला ती बाई भेटली. ताई तेव्हा नुकती नोकरीला लागलेली होती आणि मी कॉलेजात होते, म्हणून मला ते सगळं तुकड्यातुकड्यांनी कळलं. बाई कपडे शिवायची. घरातच मशीन, गिऱ्हाईक दारात. झटका आला आणि तिची डावी बाजू गेली. पुढं पायात ताकद आली, हातही हलायला लागला, पण एक गोष्ट परत आली नाही. तिच्या लेखी डावी बाजू जगात नव्हतीच. डोळे चांगले होते, सुईत दोरा ओवायची. पण ताटातला उजव्या अंगाचा भात संपला की म्हणायची, "एवढंसंच वाढलंत?" ताट फिरवून दिलं की उरलेला भात उजवीकडे यायचा आणि ती खूश व्हायची. केस उजवीकडचे विंचरायची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, आपल्याला डावीकडचं दिसत नाही हेच तिला ठाऊक नव्हतं. "मला काय धाड भरलीये?" असं हसून विचारायची.

एकदा सरावाला ताईनं तिला दोन्ही शेगड्यांवर काम दिलं. उजवीकडे चहा, डावीकडे दूध. चहा फक्कड झाला. डावी शेगडी मात्र तशीच धडधडत राहिली, दूध ओटाभर झालं, आणि बाईची डावी बाही त्या जाळावर पेटता पेटता वाचली. ताईनं हात घालून शेगडी बंद केली.

दर आठवड्याला वरच्या मजल्यावर बैठक व्हायची. कुणाला घरी सोडायचं, कुणाला ठेवायचं, ते तिथं ठरायचं. मोठे डॉक्टर, वॉर्डच्या सिस्टर, फिजिओथेरपीचे मास्तर, सगळे असायचे. ताईच्या विभागाला बोलावणं नसे. चहा करायला शिकवणाऱ्यांना कोण बोलावतं? ताई शेगडीचं सांगायला म्हणून दाराबाहेर उभी राहिली. आत मास्तर म्हणाले, छान चालते. सिस्टर म्हणाल्या, औषधं वेळेवर घेते. दार उघडलं, मोठे डॉक्टर घाईघाईनं बाहेर आले, आणि तिला पाहून चालता चालता म्हणाले, "काय, तुमचंही सगळं ठीक ना?"

ताई म्हणाली, "हो, सर."

एवढंच. का म्हणाली, ते तिला आयुष्यभर सांगता आलं नाही. इतक्या मोठ्या माणसापुढं शेगडीची गोष्ट फार बारीक वाटली, असं एकदा म्हणाली होती. बाई घरी गेली. थोड्याच दिवसांत तिला त्याच हॉस्पिटलात परत आणलं, पण यावेळी जळिताच्या वॉर्डात. डावी बाही पेटली तेव्हा तिला ते बराच वेळ कळलंच नव्हतं. ती वाचली नाही.

नंतर तिची मुलगी आधाराची काठी परत करायला तळमजल्यावर आली. काठी भिंतीला टेकवून ती ताईला म्हणाली, "तुम्ही आईला चहा करायला शिकवलंत, तिला फार आनंद झाला होता. रोज सगळ्यांना सांगायची." आणि गेली. तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. शिव्या विसरता येतात.

त्यानंतरची ताईची सगळी कारकीर्द म्हणजे त्या दाराबाहेरच्या एका "हो, सर"ची भरपाई होती. ती शिकली, परदेशी जाऊन आली, कॉलेजात शिकवायला लागली. आणि तिनं एकच टुमणं लावलं: डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, औषधनिर्माण, या सगळ्यांची मुलं शिकतानाच एका टेबलाभोवती बसली पाहिजेत. पुढं एकत्र काम करायचंय तर आधी एकमेकांशी बोलायला शिकू दे. ऐकायला किती साधं! पण कॉलेजात जणू सोयरीक जमवायची होती. सर्जरीचे प्रमुख म्हणाले, "माझ्या मुलांना आता चहा करायला शिकवणार का?" नर्सिंगच्या ट्यूटर म्हणाल्या, आमच्या मुली त्या डॉक्टरांपुढं तोंड उघडणार नाहीत, उगाच पाणउतारा कशाला. फिजिओथेरपीच्या मास्तरांना वाटलं, ही आपला विभाग गिळायला निघालीये. प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं, खोली कुणी द्यायची यावर महाभारत. ताई सगळ्यांचं ऐकून घ्यायची, हसायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारात हजर. शेवटी भीक नको पण कुत्रा आवर म्हणत त्यांनी तिला तास दिला.

तो तास पुढं इतका गाजला की बाहेरगावचे लोक बघायला यायचे. रुग्ण एक, टेबल एक. प्रत्येक विद्यार्थ्यानं आपापल्या परीनं तपासायचं आणि मग बसून ठरवायचं, घरी सोडायचं की नाही. नियम एकच. जी गोष्ट सांगायला फार क्षुल्लक वाटते, ती प्रत्येकानं सांगितल्याशिवाय कुणी खुर्ची सोडायची नाही.

आणि रुग्ण व्हायची ताई स्वतः. म्हणजे तीच बाई व्हायची. तसाच ढगळ गाऊन, उजवीकडचेच केस विंचरलेले, "मला काय धाड भरलीये?" हेही त्याच सुरात. मुलं चाट पडायची. त्यांनी तिचं नाव पाडलं होतं, डाव्या मॅडम. दरवर्षी नवी मुलं त्या बाईला तपासायची, दरवर्षी कुणीतरी शेगडीचं सांगायचं, आणि दरवर्षी ती बाई टेबलावर वाचायची.

मला तो तास आवडायचा नाही, खरं सांगते. नवरा गेल्यावर मी ताईकडे राहायला आले. ताईनं लग्न केलंच नव्हतं. तास जवळ आला की घरात आम्ही दोघी नसायचो, तिघी असायचो. ताई आरशापुढं उभी राहून मान उजवीकडे वळवायची आणि तिच्या चेहऱ्यावरून ताई निघून जायची. मी भांडी आपटायचे. "मेलेलं माणूस रोज जेवायला बोलावू नये," म्हणायचे. ती म्हणायची, "मी कुठं बोलावते? त्या असतातच."

निवृत्ती जवळ आली त्या वर्षी हे बोलणं थट्टेचं राहिलं नाही. एका संध्याकाळी मी दिवे लावत होते. ताई खुर्चीत बसली होती. अगदी शांतपणे म्हणाली, "अगं, त्या इथं उभ्या असतात हल्ली. डावीकडे, जरा मागं. मी वळले की नसतात."

"कोण?"

"तुला माहितेय कोण."

भीती वाटली की मला राग येतो, तसा आला. मी म्हणाले, "वेड लागलंय तुला! सोड ते टेबल आणि ते नाटक." ताई ऐकत नव्हती. ती कानोसा घेत होती. मग म्हणाली, "काही बोलत नाहीत गं. पण बोलतील असं वाटतं. काहीतरी सांगायचंय त्यांना." त्यानंतर तिनं तो विषय माझ्यापुढं काढला नाही. पण कधीकधी बोलता बोलता थांबायची आणि डोळे मिटून वाट पाहायची. त्या घरात पाठ करून बसायची मलाच भीती वाटायला लागली.

मग ताटात डावीकडची भाजी उरायला लागली. मला वाटलं, तालीम चाललीये. कॉलेजात दाराच्या चौकटीवर तिचा डावा खांदा आपटला, तर फिजिओथेरपीच्या मास्तरांनी टाळी दिली, "वा, बाई भूमिकेत शिरल्या!" एकाच कानात रिंग घालून गेली, तेव्हा नर्सिंगच्या ट्यूटर हसून लोटपोट झाल्या. सकाळी डोकं दुखतं, म्हणून ती औषधनिर्माणच्या सरांकडून गोळ्या आणायची. सर म्हणाले, निवृत्तीचं टेन्शन. सगळे आपापल्या विषयातले तज्ज्ञ, सगळे वर्षानुवर्षं तिच्याच टेबलावर बसून पोरांना एकमेकांशी बोलायला शिकवणारे. पण तिच्याबद्दल ते एकमेकांशी बोलले नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्या वर्षी तासाला बाईच्या मुलीचं काम करणारी शिक्षिका आजारी पडली, म्हणून ताईनं मला उभं केलं. "तुला फक्त रडवेलं बसायचंय," म्हणाली. मी म्हटलं, ते मला जमत नाही, मी रागावलेली बसेन. तर मी बसले. समोर ताई पलंगावर. मुलांनी तपासलं, चहा करवून घेतला, आणि टेबलाभोवती बसून बोलायला लागली. नेहमीचं सगळं झालं. शेगडीचं निघालं. बाई वाचली. सर्जरीचे नवे प्रमुख टाळ्या वाजवायला हात उचलणार, एवढ्यात डॉक्टरकीच्या वर्गातला एक काटकुळा मुलगा म्हणाला, "सर, एक क्षुल्लक गोष्ट राहिलीये."

"बोल."

"मी डावीकडून एकदम डोळ्यांजवळ हात नेला, तर मॅडमची पापणी लवली नाही. उजवीकडून लवते. मी तीनचारदा केलं." तो घाबरला होता, तरी पुढं म्हणाला, "सर, पापणीला नाटक कसं करता येईल?"

मग नर्सिंगची एक मुलगी म्हणाली, "त्यांनी मला सकाळी उलट्या होतात म्हणून सांगितलं. आम्हाला दिलेल्या माहितीत ते नाही." फिजिओथेरपीचा मुलगा म्हणाला, "डाव्या दंडावर चौकटीचे वळ आहेत. काही जुने, काही कालचे." ताईची स्वतःची विद्यार्थिनी तर रडवेली झाली होती. "चहा करताना मॅडमच्या डाव्या हाताचं बोट कपात बुडालं. चहा कढत होता. त्यांना कळलं नाही."

ताई पलंगावरून हसली. "छान! शाबास! झालं नाटक. उठा आता, मी बरी आहे."

हे बाई म्हणतेय की ताई, तेच कुणाला कळेना. प्रमुखांनी खुर्ची मागं सरकवली. तो काटकुळा मुलगा म्हणाला, "सर, अजून सगळ्यांचं सांगून झालं नाही," आणि माझ्याकडे पाहिलं. टेबलावर मीही होते ना, मुलीच्या खुर्चीत. मी म्हणाले, "हिला डावीकडे कुणीतरी उभं असलेलं जाणवतं." मला ते मोठ्यानं म्हणताना लाज वाटली. प्रमुखांचा चेहरा मात्र उतरला. त्यांनी त्याच दुपारी मेंदूचा फोटो काढायला लावला. मेंदूच्या उजव्या अंगाला, जिथून शरीराची डावी बाजू चालते तिथं, गाठ होती, लिंबाएवढी.

आता कुणालाही वाटेल, पुढचं सोपं. ऑपरेशन करा. पण ताई नाही म्हणाली. कॉरिडॉरमध्ये बाकावर आम्ही दोघी बसलो होतो. गाऊन तसाच अंगावर, उजव्या बाजूचेच केस विंचरलेले. म्हणाली, "गाठ काढली तर त्या जातील."

"जाऊ दे की!"

"त्या काही बोलल्या नाहीत अजून. इतकी वर्षं वाट बघतेय मी. एक शब्द, बस. शिवी दिली तरी चालेल."

मी तिला म्हणाले ते सभ्य माणसानं म्हणू नये असं होतं. म्हणाले, गाठी बोलत नसतात. म्हणाले, त्या बाईनं तुझा संसार खाल्ला, तुझी झोप खाल्ली, आता तुलाही खाणार आणि तू ताट पुढं करून बसलीस. ती खाली मान घालून ऐकत राहिली. शेवटी माझाच आवाज फाटला. "आणि मी गं? मी जन्मभर तुझ्या उजवीकडे बसले म्हणून मी मोजायचीच नाही का?" तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "बरं. सही करते."

गाठ निघाली. सर्जन खूश होते. ताई बोलायची, ओळखायची, चुटके सांगायची. पण डावी बाजू आता पुरतीच मिटली होती. आणि तिकडे उभं राहणारंही कुणी उरलं नव्हतं. "गेल्या," असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली आणि उशीत तोंड खुपसून रडली.

तिच्यावर उपचार करायला तिचीच जुनी विद्यार्थिनी होती. तिनं मला सांगितलं, "मावशी, तुम्ही डावीकडेच बसायचं. उजवीकडे चुकूनही जायचं नाही. बोलत राहा. कधीतरी मान वळेल." मी बसले. रोज सकाळपासून दिवस मावळेपर्यंत तिचा डावा हात हातात घेऊन बसायचे मी. तिला तो हातही ठाऊक नव्हता. मी शेजारी, एका हाताच्या अंतरावर, आणि ती नर्सला विचारायची, "माझी बहीण येत नाही का हल्ली? रागावली असेल. ती पटकन रागावते." मी "ताई, अगं इथं आहे" म्हणायचे. ती आवाजाचा माग काढत उजवीकडे दारापर्यंत बघायची. डावीकडे कुणी उभं असणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. आपण असतो आणि आपण नसतो.

एका दुपारी वॉर्डात निजानीज होती. मी दमले होते, गप्प बसले होते. ताईचे डोळे छताकडे. अचानक ती हळू म्हणाली, "आलात?"

मी उत्तर देणार होते, पण ती 'आलात' म्हणाली होती. मला ती कधी अहोजाहो करत नाही.

"बसा," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही गेलात. मला सांगायचं होतं... मला माहीत होतं. शेगडीचं. दारात विचारलं त्यांनी, आणि मी ठीक आहे म्हणाले. मला माहीत होतं हो."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहून कानात चाललं होतं. आणि ती थांबली. तशीच, डोळे मिटून, वाट पाहत. घरी पाहायची तशी.

मी त्या बाईचा जन्मभर राग केला. मला भुतं मान्य नाहीत, आणि दुसऱ्याच्या वतीनं माफी द्यायची ती कोणत्या तोंडानं? वर्गात मी कुणाला अर्धा मार्क वाढवून दिला नाही. पण तिचा श्वास अडकून राहिला होता आणि त्या बाजूला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मी आवाज खाली आणला. म्हणाले, "सांगितलं असतंत तरी मी ऐकलं नसतं. माझं घर, माझी शेगडी. मला चहा करायचा होता. तो मला तुम्हीच शिकवलात."

ताईचा श्वास सुटला. आणि मग तिची मान हलली. आधी थोडी, मग मधल्या रेषेच्या पलीकडे, कष्टानं, गंजलेली खिडकी उघडावी तशी, सगळी डावीकडे. दारात तिची विद्यार्थिनी उभी होती. ती "मावशी, वळली! मान वळली!" म्हणून ओरडली आणि सिस्टरना बोलवायला धावली.

ताईनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर, मग माझ्या मागं भिंतीपर्यंत तिनं कुणाला तरी शोधलं. तिथं कुणी नाही असं पाहून पुन्हा माझ्याकडे वळली.

"तू कधी आलीस?"

"आत्ताच."

तिनं माझा हात दाबला. डाव्या हातानं. मग एखाद्या लहान मुलीसारखं, भीत भीत विचारलं, "त्या काय म्हणाल्या, तू ऐकलंस ना?"

"हो, ताई," मी म्हणाले. "ऐकलं."